अर्धीच तर घातलीय

माझ्या डोळ्यांना पाणी येत नाही. कांदा चिरताना येत नाही, कुणी गेलं तरी येत नाही, आणि नणंदेची पाठवणी झाली तेव्हाही आलं नाही. त्या दिवशी मांडवातल्या झाडून साऱ्या बायका पदर डोळ्यांना लावून उभ्या होत्या आणि मी पर्समधली बाटली काढून डोळ्यांत औषधाचे थेंब घालत होते. तेव्हापासून सासरी माझी ‘कोरडी बाई’ म्हणून ख्याती झाली. होऊ दे. रडूबाईपेक्षा ते बरं.

पाणी आटलं ते एका गोळीपायी. हे सांगितलं की लोक मान डोलावतात आणि चहाचा कप खाली ठेवेपर्यंत विसरतात. म्हणून आता लिहूनच काढते.

मी देवासला एका शाळेत गणित शिकवते, हिंदीतून. घरात मराठी, वर्गात हिंदी, भाजीवालीशी माळवी, आणि राग आला की तिन्ही एकदम. राग मला लवकर येतो, आणि या गोष्टीत तो पुष्कळदा येणार आहे.

काही वर्षांपूर्वी मला लघवीला जळजळ व्हायला लागली. बायकांना होतं ते. डॉक्टरांनी सल्फाची गोळी लिहून दिली, जुनी, साधी, गल्लोगल्ली मिळणारी. मेडिकलवाल्यानं पत्ता, म्हणजे गोळ्यांची पट्टी, कात्रीनं कापून दिला, त्यामुळं गोळीचं नाव त्याच्याकडच्या तुकड्यावर राहिलं. जळजळ थांबली, पण कोर्स मोठा होता. आठवडा उलटला आणि ताप आला, घसा सोलवटला, डोळे चुरचुरायला लागले. ओठ इतके फाटले की चहा पिववेना. घरात निदान तयारच होतं, उष्णता. सासूबाईंनी सब्जा भिजवला, गुलकंद दिला. छातीवर लाल चट्टे उठले तेव्हा शेजारच्या भाभी ‘माता निकली है’, म्हणजे अंगावर देवी आल्यात, म्हणत आल्या आणि दाराला कडुनिंबाचा डहाळा खोचून गेल्या. या सगळ्या धांदलीत एक काम मात्र कुणी चुकवलं नाही. कोर्स पुरा करायचा असतो हे आमच्या शिकल्यासवरल्या घरात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून नवरा सकाळ-संध्याकाळ पाण्याचा पेला घेऊन उभा राहायचा आणि ती गोळी माझ्या घशाखाली उतरल्याशिवाय हलायचा नाही.

मग एका सकाळी मला उठवून बसवायला त्यानं माझा दंड धरला आणि कातडी त्याच्या हातात आली. दुधावरची साय बोटाला लागून यावी तशी. तो माणूस त्या दिवसापासून साय खात नाही.

इंदूरच्या मोठ्या दवाखान्यात मला भाजलेल्यांच्या वॉर्डात ठेवलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या माणसांनी नवऱ्याला विचारलं, कशानं भाजल्या, गॅस की स्टोव्ह? त्यानं सांगितलं, गोळीनं. त्यांना वाटलं बंदुकीची. माझ्या अंगभर फोड आले होते, ते फुटत होते, आणि जिथं फोड नव्हते तिथलीही कातडी सुटत होती. तोंडात, घशात, आणि जिथलं चारचौघांत बोलत नाहीत तिथंही. थुंकी गिळायची म्हटली तरी जीव जायचा. पापण्या बुबुळाला चिकटून बसू नयेत म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई रोज येऊन आतून काचेची कांडी फिरवायच्या. माझं तोंड उघडत नव्हतं म्हणून बरं, नाहीतर त्या बाईंनी माझ्याकडून अस्सल माळवी ऐकली असती. डोळ्यांतलं पाणी आटलं ते आटलंच, पण त्यांच्यामुळं मला आज दिसतं.

तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हा, की कोणती औषधं चालू होती. पत्त्यावर नाव नाही, आम्हाला ठाऊक नाही. नवरा उलट्या पावली देवासला गेला, मेडिकलवाल्याला दुकान उघडायला लावलं आणि नाव घेऊन आला. गोळी त्याच दिवशी बंद झाली. या दुखण्याचं नाव म्हणजे दोन परदेशी डॉक्टरांच्या आडनावांची जोडी आहे, ते कुणाच्या तोंडात बसत नाही. डॉक्टरांनी सांगितलं ते मात्र पक्कं बसलं. पहिल्यांदा कोणाला होईल हे आधी कळायला मार्ग नसतो, त्यात कोणाची चूक नाही. लाखो माणसं ही गोळी घेतात आणि त्यांना काही होत नाही. पण ज्याला एकदा झालं त्याला ती पुन्हा द्यायची नाही, अर्धी नाही, चतकोर नाही. पुन्हा झालं तर यापेक्षा लवकर होईल आणि यापेक्षा वाईट. मग माझ्या खाटेजवळ येऊन ते सावकाश म्हणाले, “दोबारा गई, तो शायद हम आपको बचा न पाएँ. नाम याद रखिए.”

मी नाव पाठ केलं. कोट्रायमोक्साझोल. सल्फा. मुलींकडून मी पाढे पाठ करून घेते तसं, उलटसुलट.

बरी होऊन घरी आले तेव्हा नखं गळून नवी येत होती, खडबडीत, आडव्या रेघांची. हातांवर, गळ्यावर काळे-पांढरे डाग. पूर्ण बाह्यांचे ब्लाऊज शिव म्हणून सगळ्यांनी सुचवलं, अगदी मायेनं. मी शिंप्याकडे जाऊन आहेत त्या बाह्यासुद्धा आखूड करायला सांगितल्या. तो दोनदा माझ्या तोंडाकडे बघत राहिला. म्हटलं, भिया, ऐकू आलं ना, अजून दोन बोटं कमी. वर्गातल्या मुलींनी विचारलं, मैडम ये क्या हुआ, तेव्हा त्यांनाही सांगितलं आणि गोळीचं नाव फळ्यावर लिहिलं. त्या दिवशीचा गणिताचा तास बुडाला, पण त्या मुलींना ते नाव अजून येतं.

घरच्यांना मात्र येईना. खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी सगळं टाकलं, हिंदीत टाकलं, कारण आमच्या निम्म्या पोरांना मराठी वाचायची म्हटलं की घाम फुटतो. उत्तरादाखल हात जोडलेले आले, गुलाबाची फुलं आली, एका भाऊजींनी सुप्रभात घातलं. कोणी नाव विचारलं नाही.

आता धारच्या माईंबद्दल सांगायला हवं. माई म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या काकू, धारला राहतात, आणि आमच्या कुळात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांच्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे, त्यात कापलेल्या पत्त्यांचे तुकडे, सुट्या गोळ्या, बाम, सगळं. पोट बिघडलं की पांढरी गोळी, अंग दुखलं की लाल गोळी. घरातली तीन पिढ्यांची पोटं त्यांनी त्या डब्यावर सांभाळली, आणि खरं सांगायचं तर सांभाळली. मी इंदूरला पडले होते तेव्हा रोज देवळात जाऊन माझ्यासाठी ओटी भरणाऱ्याही माईच. त्यांच्या मनात एकच गोष्ट घट्ट बसली होती. माझ्या लग्नानंतर आमच्याकडे बोडण राहून गेलं, देवीचं देणं राहिलं, म्हणून तिनं मला असं केलं आणि माईंच्या ओटीनं परत सोडलं. यात गोळीला कुठंच जागा नव्हती. मी कितीदा सांगितलं तरी माई ऐकून घ्यायच्या आणि माझ्या ताटात तूप वाढायच्या.

मागच्या वर्षी त्यांच्या नातवाचं लग्न झालं. लग्नानंतर बोडण ठरलेलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्याकडे शुभकार्य झालं की सुवासिनी आणि एक कुमारिका परातीभोवती बसतात, परातीत मध्ये देवी ठेवतात, दूध, दही, तूप, मध, साखर, पुरण असं घालत जातात आणि सगळ्या जणी हातांनी ते एकत्र कालवतात. दारं लावून घेतात, पुरुषांनी बघायचं नाही. एकदा हात घातला की संपेपर्यंत उठायचं नाही. आणि कुमारिकेला देवी मानून विचारत राहायचं, काय हवं. ती जे मागेल ते द्यायचं, त्यात मागंपुढं करायचं नाही. मग ते सगळं गाईला घालतात. माईंनी फोनवरच बजावलं होतं, या खेपेला तू बसायचंसच, तुझं राहिलेलं फेडून टाकायचं आहे. देवीधर्माचं मला फारसं नाही, पण डाग पडलेल्या हातांनी बसायला कुणी बोलावतंय हे मला आवडलं होतं.

बोडणाच्या आदल्या दिवशी सगळं वऱ्हाड मांडूला फिरायला गेलं. ऊन मी म्हणत होतं. जहाज महालाच्या बाहेर एका गाडीवर मी दोन पेले ताक प्यायले, आणि सकाळी त्या ताकानं आपले रंग दाखवले. माझ्या फेऱ्या सुरू झाल्या. माईंची पाचावर धारण बसली. ही मध्येच उठली तर बोडण मोडेल, आणि मोडलं तर पुन्हा हिच्याच अंगावर येईल. त्या डबा घेऊन आल्या. पांढरी गोळी काढली. तुकडा मोठा होता, नाव दिसत होतं. तेच.

मी त्यांना शांतपणे सांगितलं. हो, मलाही शांतपणे सांगता येतं. हीच ती गोळी, हिनंच माझी कातडी गेली, ही मला चालत नाही, मी मीठ-साखरेचं पाणी पिते आहे, पोट रिकामं झालं की थांबेल. जाऊबाई, म्हणजे माईंच्या सूनबाई, तिथंच होत्या. माई ‘बरं बाई’ म्हणाल्या आणि डबा घेऊन आत गेल्या.

थोड्या वेळानं त्या एक वाटी घेऊन आल्या. जायफळ आणि सुंठ उगाळून मधात केलेलं चाटण. हे मला चालतं, माझी आई पण द्यायची. मी बोट घातलं आणि तोंडाकडे नेलं. ड्रॉप घालून घालून माझे डोळे आता बारकं बघायला शिकले आहेत. तपकिरी चाटणात पांढरे कण दिसले. मी बोट खाली घेतलं, दुसऱ्या बोटानं चोळून बघितलं. खडूच्या भुकटीसारखं लागलं. खडू मला बरोबर ओळखू येतो, जन्म त्यातच चालला आहे.

मी विचारलं, “माई, यात काय घातलंय?”

जायफळ, सुंठ, मध, असं त्यांनी सांगितलं. आणखी काय, असं मी विचारलं. त्यांनी जाऊबाईंकडे बघितलं, जाऊबाईंनी भिंतीकडे.

“अर्धीच तर घातलीय,” माई म्हणाल्या.

मी घाबरले. खोटं कशाला सांगू, मी तिथंच ओट्याला टेकून उभी राहिले. इतकी वर्षं ज्या गोळीला मी भीत होते ती कुणा शत्रूनं नाही, माझ्यासाठी ओट्या भरणाऱ्या बाईनं, मधात कालवून, बोटावर आणून ठेवली होती. कडू लागू नये म्हणून मध जरा जास्तच घातला होता. मग भीती गेली आणि राग आला, आणि तो असा आला की मला एकदम बरं वाटलं. मी ती वाटी मोरीत उपडी केली. वरून पाणी ओतलं, बोटं साबणानं धुतली, पुन्हा धुतली. वाटीबरोबर माईंचा मानही मोरीत गेला हे मला कळत होतं. जाऊ दे म्हटलं.

घरात गलका झाला. लग्नघरात थोरल्यांच्या हातचं फेकलं, ते पण बोडणाच्या दिवशी. एकीनं मला समजवायला सुरुवात केली की म्हाताऱ्या माणसाचं मन मोडू नये, दुसरीनं की अर्ध्या गोळीनं काय होतंय. माई चौरंगावर बसून रडायला लागल्या. मी काय तुला विष देत होते का, असं त्या परत परत म्हणत होत्या.

“माझ्यापुरतं ते विषच आहे, माई,” मी म्हटलं. “आणि तुम्ही ते मला मधातून दिलंत.”

नवरा बाहेरून धावत आला. त्याला कळलं तसा त्याचा चेहरा पांढराफटक पडला, आणि तो एवढंच म्हणाला की बॅग भर, देवासला जाऊ. मी भरायला लागले होते. पण साडीची घडी घालता घालता माझ्या लक्षात आलं की मी गेल्यानं काय होईल. मी भांडकुदळ ठरेन, डबा जागच्या जागी राहील, आणि पुढच्या लग्नात, पुढच्या बारशाला, मला ताप आला की कुणीतरी मायेनं गोळी कुटेल. तेव्हा कदाचित माझे डोळे मिटलेले असतील. माझं कुणी ऐकत नव्हतं. डॉक्टरांचं ऐकत नव्हतं. मग या घरात ऐकतात कुणाचं?

मी बॅग परत उपसली आणि कुमारिकेला शोधायला गेले.

कुमारिका म्हणजे जाऊबाईंचीच धाकटी लेक. फोनवर माझ्याकडून अपूर्णांक शिकते, हुशार आहे आणि तोंडाळ आहे, म्हणजे माझ्या पठडीतली. मी तिला परकर नेसवायच्या निमित्तानं मागच्या खोलीत नेलं. दार लावून तिला हात दाखवले, नखं दाखवली, कातडी कशी गेली ते न लपवता सांगितलं. मग सांगितलं की आज तुला काय हवं विचारतील तेव्हा एक गोष्ट माग. होय, मी तिला पढवलं. मला त्याची तिळमात्र लाज वाटत नाही.

तिनं विचारलं, देवीच्या तोंडून खोटं बोललेलं चालतं का. मी म्हटलं, यात खोटं कुठलं वाक्य आहे ते दाखव. तिनं विचार केला, तिला सापडलं नाही. मग म्हणाली, पण काकू, आधी मी मध मागणार, मला आवडतो. म्हटलं माग बाई, हवा तेवढा माग.

तोवर माझं पोट थांबलं होतं, आत काही उरलंच नव्हतं. मी अंघोळ करून, आखूड बाह्यांचा ब्लाऊज घालून, लुगडं नेसून पाटावर जाऊन बसले. मला कोणी बस म्हणालं नाही आणि ऊठ म्हणायची कोणाची छाती झाली नाही. दारं लागली. माई सुजलेल्या डोळ्यांनी समोर बसल्या. सगळ्यांचे हात परातीत गेले. माझ्या शेजारणीनं आपला हात माझ्या हाताला लागणार नाही असा कडेला घेतला होता, पण पुरण आणि दूध पडल्यावर कुणाचे हात कोणते तेच कळेना, मग तिनंही नाद सोडला.

माईंनी विचारलं, आई, काय हवं? पोरीनं दूध मागितलं. मग दही. मग मध, आणि पुन्हा मध. माईंनी सगळं घातलं.

“आणखी काय हवं, आई?”

“काकूच्या पोटात ती गोळी जायला नको,” पोरगी म्हणाली. आणि मग मी शिकवलेलं नव्हतं तेही बोलली. “आणि तिचं नाव सगळ्यांनी घ्या. आत्ता.”

परातीतले सगळे हात थांबले. उठता येत नव्हतं, बाहेर जाता येत नव्हतं, मोबाइल बघता येत नव्हता. इतकी वर्षं मी शोधत होते तो श्रोतृवर्ग कोपरापर्यंत पुरणात रुतून समोर बसला होता. देवीनं मागितलेलं द्यायचंच, हा माईंचाच नियम. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हळू आवाजात विचारलं की काय गं नाव तिचं.

मी सांगितलं. एकेक अक्षर सुटं करून, वर्गात सांगते तसं. माईंची जीभ तीनदा अडखळली, चौथ्यांदा त्यांनी ते धडपणे उच्चारलं. मग जाऊबाईंनी, मग शेजारणीनं, मग सगळ्यांनी मिळून. तुपात माखलेल्या हातांनी त्या साऱ्या जणी कोट्रायमोक्साझोल, सल्फा, कोट्रायमोक्साझोल म्हणत होत्या, आणि बाहेर पुरुषांना वाटलं की आत कसलं तरी नवीन स्तोत्र चाललंय.

बोडण पुरं झालं, गाईला घातलं. माईंनी तो पांढरा पत्ता डब्यातून काढून टाकला. आता त्यांच्याकडे कुणाचं पोट बिघडलं तर त्या आधी विचारतात की तुला काही बाधतं का. परवा बोडणाला बसलेल्यांपैकी एका चुलत नणंदेचा सतवासहून फोन आला, वहिनी, मुलाला ही गोळी लिहून दिली आहे, अंगावर चट्टे आलेत, काय करू? मी तिला म्हटलं, गोळी थांबव आणि आत्ताच्या आत्ता गाडी काढ, रस्त्यातून डॉक्टरांना फोन कर. तो पोरगा ठणठणीत आहे. देवी बोलली म्हणून वाचला, असं धारला सांगतात. सांगू देत.

बोडणाच्या दिवशी आम्ही धारहून निघालो तेव्हा माईंनी माझी ओटी भरली. तांदूळ पदरात घालता घालता, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, त्यांनी विचारलं, “पढवलंस ना गं तिला?”

मी म्हटलं, हो.

“बरं केलंस,” त्या म्हणाल्या. “तुझं मी ऐकलं नसतं.”

या वाक्याचा मला अजून संताप येतो. माझी कातडी गेली, नखं गेली, डोळ्यांतलं पाणी गेलं, आणि तरी माझा शब्द पुरला नाही. संताप येतो आणि मी तो आवरत नाही. जिवंत आहे म्हणून येतो.